सीडब्ल्यूसीपुढे (बालकल्याण समितीपुढे) जायचंय? गोव्यात काय होतं आणि कुठले कागद न्यायचे

बालकल्याण समितीचं बोलावणं आलं की घरात पहिला प्रश्न एकच, पोरावर केस झाली काय? तर नाही झाली. कायद्याच्या भानगडीत सापडलेल्या मुलांसाठी बाल न्याय मंडळ वेगळं असतं. मुलाला कुणी मारलं, छळलं तर त्या माणसाचा खटला कोर्टात चालतो, त्यासाठी गोव्यात २००३ च्या गोवा बाल कायद्याखाली बाल न्यायालयसुद्धा आहे. समिती बघते ते एवढंच, की हे मूल आज कुठे झोपणार, उद्या शाळेत कसं जाणार आणि पुढे कोणाकडे राहणार. शेजारच्या एका आजीसोबत मी दोन-तीन फेऱ्या मारल्या, नातू तिच्याकडेच राहावा म्हणून, तेव्हा जे कळलं ते इथे टाकतेय.

कोणाचं प्रकरण येतं? वय १८ च्या आत पाहिजे, आणि घर नाही, आईबाप नाहीत किंवा सांभाळू शकत नाहीत, हरवलंय, पळून आलंय, भीक मागतंय, कामाला जुंपलंय, घरातच मारहाण किंवा अत्याचार होतोय, लग्न लावून द्यायचा घाट चाललाय, असं काहीही. गोव्यातलाच दाखला पाहिजे असं काही नाही, किनाऱ्यावर माळा विकणारं परराज्यातलं पोरही यात येतं. कळवायला १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, फुकट आहे. पोलीस, डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ता, साधा शेजारी, एवढंच काय मूल स्वतःसुद्धा समितीपुढे जाऊ शकतं, फक्त सापडल्यापासून २४ तासांत न्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून. त्या दिवशी बैठक नसेल तर एका सदस्यापुढे नेलं तरी चालतं. सापडलेलं मूल कोणाला न कळवता घरी ठेवून घेऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी तो गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही.

समितीत अध्यक्ष आणि ४ सदस्य, त्यांत निदान एक बाई. उत्तर गोव्याची वेगळी, दक्षिणेची वेगळी. अधिकार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे, पण उंच खुर्ची, साक्षीचा पिंजरा असलं काही नसावं असा नियम आहे आणि आम्ही गेलो तिथे खरंच साधं टेबल होतं. आजी मात्र हात जोडूनच बसली शेवटपर्यंत.

पहिल्या दिवशी फार तर तात्पुरता निर्णय होतो, मूल घरी की बालगृहात. खरं काम नंतरचं. समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते, तो साधारण १५ दिवसांत यायला पाहिजे, म्हणजे कोणीतरी तुमच्या घरी येणार, शाळेत विचारणार, शेजाऱ्यांशी बोलणार. घर छोटं आहे म्हणून लाजू नका आणि नवऱ्याची दारू, उधारी असलं लपवू पण नका, कारण शेजारी सांगतातच आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास राहत नाही. अंतिम आदेश ४ महिन्यांत अपेक्षित, त्या वेळी किमान ३ सदस्य हजर पाहिजेत. मुलाला काय हवंय हे ऐकून घेणं बाल न्याय कायद्यातच आहे, आमच्या वेळी नातवाशी वेगळं बोलले, आजीला बाहेर बसवलं, तिला राग आला पण ते बरोबरच होतं. बालगृह हा शेवटचा उपाय, आधी घरचे, नातेवाईक.

कागदांचं बोलायचं तर वयाचा पुरावा पहिला. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिका-पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच डॉक्टरी तपासणी. आधार या क्रमात नाहीच, ओळख म्हणून न्या. बाकी आईबापांचा मृत्यू दाखला किंवा आजारपणाचे कागद, शाळेचं प्रगतिपुस्तक, लसीकरणाचं कार्ड, तुमचा पत्ता आणि नातं दाखवणारं काही, झेरॉक्स दोन-दोन. ताबा तुमच्याकडे दिला तर हमीपत्रावर सही घेतात, मुलाला शिकवीन, सांभाळीन, बोलवाल तेव्हा आणीन असं. नीट वाचून सही करा.

खर्चाची अडचण असेल तर तिथेच स्पॉन्सरशिपचं विचारा. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून महिन्याला ४ हजार मिळू शकतात, उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, इतरत्र ९६ हजार, म्हणून उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून आधीच काढून ठेवा. याची मंजुरी वेगळी समिती देते, आपोआप नाही होत.

अजून एक, मुलाचं नाव, फोटो, शाळा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, मदतीच्या आवाहनात पण नाही. ६ महिने कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आमची एक फेरी फुकट गेली, तारीख बदलली होती आणि कोणी कळवलंच नाही, आजीची दिवसाची मजुरी बुडाली. तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी फोन करूनच बस पकडायची असं ठरवलं. आदेशाची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका, पटला नाही तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं आणि दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजतात.