म्हातारचळ की वात?

परवापर्यंत दूधवाल्याचा हिशेब चोख ठेवणारे अण्णा आज रात्री "गाडी चुकेल, माझी पिशवी आणा" म्हणत दाराची कडी काढू लागतात. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात. पहाटे पुन्हा बरेचसे शुद्धीवर येतात. घरात कुणीतरी उसासा टाकून म्हणतं, "वय झालं, चळ लागला." गल्लत होते ती इथेच. डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू ओसरत जाणारा आजार, असा दोन दिवसांत येत नाही.

आपल्या आज्यांकडे याला दोन वेगळे शब्द होते. 'म्हातारचळ' हा बोचरा, आणि खरं तर वापरूच नये असा. दुसरा 'वात'. ताप चढला की माणूस 'वातात बरळायचा', ताप उतरला की ताळ्यावर यायचा. आजच्या भाषेत पहिला बहुतेक वेळा डिमेन्शिया, दुसरा डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारा, चढउतार होणारा मनाचा गोंधळ.

डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी मुरत जातो. बहुतेकांमध्ये त्यामागे अल्झायमर हा मेंदूचा आजार असतो. सुरुवातीला माणूस जागा असतो, समोरच्याकडे लक्ष देतो, पण सकाळचं बोलणं दुपारी पुसलेलं असतं. एकच प्रश्न पाच वेळा येतो, रोजच्या आमटीतलं मीठ दोनदा पडतं. डिलिरियममध्ये आधी लक्षच सुटतं. रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा: शनिवार, शुक्रवार, आणि मग नजर पंख्याकडे. डिमेन्शिया खूप वाढला असेल तर मात्र या चाचणीवरून काही ठरवता येत नाही.

डिलिरियमचं मूळ बहुधा मेंदूबाहेर सापडतं: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग (म्हातारपणी ताप नसतानाही), चार दिवसांचं बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, कमी झालेलं पाणी, उतरलेली साखर किंवा सोडियम, खुब्याचं ऑपरेशन. आणि औषधं! सर्दीची झोप आणणारी साधी गोळीही पुरते. म्हणून "शांत झोपू दे" म्हणत घरातली उरलेली झोपेची गोळी देणं आगीत तेल ओतण्यासारखं आहे. मूळ कारणावर उपचार झाले तर बरेच जण सावरतात. काहींना आठवडे लागतात, काही पूर्वीच्या पातळीवर पुरते येत नाहीत. पण वेळ दवडायची नाही. हे तातडीचं दुखणं आहे.

फसवणारा आहे तो गप्प डिलिरियम. आरडाओरडा नाही, पळापळ नाही. आजी नुसत्या पेंगतात, घास तोंडात धरून बसतात. "आज किती शहाण्यासारख्या आहेत," असं म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात.

त्यात ज्याला आधीच डिमेन्शिया आहे, त्यालाच डिलिरियमचा धोका जास्त. आणि लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियात तर भास आणि दिवसागणिक चढउतार मुळातच असतात. मग ओळखायचं कसं? तपासणीच्या खोलीत दहा मिनिटं पाहणाऱ्या डॉक्टरांना फक्त आजचे अण्णा दिसतात. गेल्या मंगळवारचे अण्णा सुनेला, लेकीला, बायकोला माहीत असतात. 'कधीपासून?' या एका प्रश्नाचं उत्तर एमआरआयमध्ये सापडत नाही.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते घरचे काळजीवाहक सरासरी रोज ५ तास देतात, आणि काळजीच्या एकूण तासांपैकी ७० टक्के बायकांचे असतात. तरीही दवाखान्यात बहुतेकदा बोलतो तो सुट्टीवर आलेला मुलगा, आणि जिला सगळं ठाऊक ती फाइल धरून मागे उभी.

तिने पुढे यावं आणि सांगावं: "बुधवारपर्यंत स्वतः चहा करत होते. गुरुवारी नवीन गोळी सुरू झाली. दोन दिवस लघवी कमी आहे. शुक्रवारी रात्रीपासून मला ओळखत नाहीत, सकाळी ओळखतात." आणि जाताना त्यांचा चष्मा, कानाचं यंत्र सोबत घ्यावं, दिसेना, ऐकू येईना की गोंधळलेला माणूस आणखी गोंधळतो.