टॅरंटुलाची अंडपिशवी व तिचे संगोपन

टॅरंटुला म्हणजे थेराफोसिडी कुलातील मोठे केसाळ कोळी. त्यांतील मादी आपली अंडी ज्या रेशमी आवरणात गुंडाळून ठेवते, त्यास अंडपिशवी म्हणतात. मादी प्रथम बिळात रेशमाची दाट चटई विणते, तीवर अंडी घालते, वरून पुन्हा रेशमाचा थर देते आणि चटईच्या कडा सोडवून सर्व ऐवज चेंडूसारखा वळते. पुढे ती हा चेंडू विषदंतांनी व पुढच्या पायांनी धरून वारंवार फिरवीत राहते. त्यामुळे अंडी एकमेकांस चिकटत नाहीत आणि तळाच्या अंड्यांवर सतत भार राहत नाही, असे मानले जाते.

प्रस्तुत नोंदीत मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूकडील, गुडघ्यांवर नारिंगी-लाल पट्टे असलेल्या टॅरंटुलाचा मुख्यतः विचार केला आहे. याच्या ओळखीविषयी दीर्घकाळ घोटाळा होता. फ्रेडरिक पिकार्ड-केंब्रिज यांनी 1897 मध्ये ‘स्मिथी’ (आजचे नाव ‘ब्रॅकिपेल्मा स्मिथी’) ही जाती वर्णिली. 1997 मध्ये ‘ब्रॅकिपेल्मा हामोरिआय’ व ‘ब्रॅकिपेल्मा ॲनिथा’ अशा आणखी दोन जाती वेगळ्या काढण्यात आल्या. मेंडोझा व फ्रँके या अभ्यासकांनी 2017 मध्ये शरीररचना व डीएनए या दोहोंच्या आधारे ‘ॲनिथा’ ही ‘स्मिथी’च असल्याचे, तर ‘हामोरिआय’ खरोखर स्वतंत्र असल्याचे दाखविले. त्यांच्या मते बाल्सास नदीचे खोरे या दोन जातींची नैसर्गिक सीमा ठरते. ग्वेरेरो व ओआहाका भागांत ‘स्मिथी’, तर मिचोआकान, कोलिमा व हालिस्को भागांत ‘हामोरिआय’ आढळते. हे मत आता सामान्यतः ग्राह्य धरतात. तत्पूर्वी पाळणाऱ्यांकडे ‘स्मिथी’ नावाने असलेले बरेच प्राणी वस्तुतः ‘हामोरिआय’ होते. म्हणून जुन्या पुस्तकांतील अंड्यांची संख्या व उबवण्याचा काळ यांचे आकडे कोणत्या जातीचे, हे ठरविणे कठीण जाते, व ते सावधपणेच वापरावेत.

मीलनानंतर मादीने अंडी घालण्यापूर्वी कात टाकल्यास शुक्रग्राहिकेचे (नराचे शुक्र साठविणाऱ्या पिशवीचे) अस्तर साठविलेल्या शुक्रासह निघून जाते आणि त्यानंतरची अंडी निष्फळ ठरतात. नराशी संबंध न आलेली मादीही कधी कधी पिशवी विणते. तिच्यातून पिल्ले निघत नाहीत. पिशवी असताना मादी बहुधा अन्न घेत नाही. मात्र पाळलेल्या मादीस पाणी हवे, आणि खाद्य म्हणून पेटीत सोडलेला जिवंत रातकिडा काढून टाकावा. पेटी हलविणे किंवा वारंवार उघडून पाहणे टाळावे, कारण बिथरलेली मादी अंडी स्वतःच खाऊन टाकते.

पिशवी मादीपाशीच ठेवावी की काढून घ्यावी, याविषयी दुमत आहे. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की आर्द्रता व फिरवण्याचा क्रम मादीइतका नेमका कोणास साधत नाही. दुसऱ्या पक्षाला पिशवी खाल्ली जाण्याची धास्ती असते. सुरुवातीचे सुमारे चार आठवडे मादीवर सोपवून नंतर पिशवी काढणे हा मधला मार्ग अधिक सुरक्षित दिसतो. तोवर बहुधा अंड्यांना पाय फुटलेले असतात व फिरवण्याची गरज जवळजवळ उरत नाही. मादीवर पेला उपडा घालून लांब चिमट्याने पिशवी ओढावी. अमेरिका खंडातील अनेक जाती पोटावरील दाहक केस उडवितात, म्हणून हातमोजे व चष्मा वापरणे इष्ट. दक्षिण अमेरिकेतील ‘थेराफोसा’ या टॅरंटुला वंशाची मादी हे केस पिशवीच्या रेशमातच विणते; मार्शल व उत्झ यांच्या 1990 च्या अभ्यासानुसार त्यामुळे फोरिड नावाच्या लहान माशीच्या अळ्यांपासून अंड्यांचे रक्षण होते.

लहान कात्रीने पिशवी उघडल्यावर निरोगी अंडी पिवळसर, कोरडी व सुटी दिसतात. काळवंडलेली, सुरकुतलेली किंवा बुरशी आलेली अंडी त्वरित वेचून काढावी लागतात. उरलेली अंडी पाण्यावर टांगलेल्या मलमलीच्या झोळीत, झाकणबंद डब्यात, साधारण 25 ते 28 अंश सेल्सिअसला ठेवतात. पाणी झोळीला लागता कामा नये, आणि डब्यास हवेसाठी छिद्रे हवीत. अंड्यापासून पिल्लू होईपर्यंतच्या पुढील अवस्थांची गणना लेखकागणिक बदलते. फ्रेंच अभ्यासक माक्स व्हाशोँ यांनी पूर्वअळी, अळी व अर्भक असा क्रम मांडला. काही संगोपक पाय फुटलेल्या निश्चल अवस्थेस पहिली अवस्था म्हणतात, तर काही तिच्यानंतरच्या कातीपासून मोजू लागतात. व्यवहारात क्रमांकापेक्षा रूप पाहणे सोयीचे: निश्चल व फिकट जीव झोळीतच राहू द्यावेत, आणि अंग काळसर होऊन पुढची कात पडल्यावर पिल्ले चालू-खाऊ लागली की त्यांना हलवावे.

पश्चिम घाटातील ‘पोसिलोथेरिया रेगॅलिस’ ही टॅरंटुलाची जाती झाडांच्या ढोलीत राहते व तिची पिल्ले काही काळ आईजवळ एकत्र नांदतात. या वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2019 पासून साइट्स या वन्य जीवांच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आला आहे. लाल गुडघ्यांच्या जातींत मात्र भुकेली भावंडे एकमेकांस खातात, म्हणून प्रत्येक पिल्लू छिद्रे पाडलेल्या स्वतंत्र लहान डबीत ठेवून त्यास न उडणाऱ्या फळमाश्या किंवा मारलेल्या मीलवर्मचे (एका भुंग्याच्या अळीचे) तुकडे देतात.