गड्याचा रोज, बाईचा रोज आणि पाळणाघर

गिरणगावात एके काळी 'बाळगोळी' मिळत असे. अफूची बारीक गोळी. गिरणीचा भोंगा व्हायच्या आत आई ती तान्ह्याला चाटवायची आणि मूल कितीतरी तास निपचित पडून राहायचं. मुंबई सरकारने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांकडून कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करून घेतली, त्या सुमारास हे सरकारी कागदांवरही आलं. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. बहुतेक जणी वायंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, नायकिणीच्या म्हणजे बाई-मुकादमाच्या हाताखाली. ही खाती बायकांची म्हणूनच तिथली मजुरी कमी.

आज समान वेतन ही एक फाईल आणि पाळणाघर ही दुसरी. गिरणगावात मात्र प्रश्न एकच होता. बाई स्वस्त पडते म्हणून कामावर घ्यायची, आणि मूल झालं की महाग पडते म्हणून घरी पाठवायची.

हे दुखणं नेमकं ओळखलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक चर्चेला आलं. त्यावर बोलताना त्यांनी मांडलं की आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, तेव्हा त्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. पण मालकालाही त्यांनी मोकळं सोडलं नाही. तो बायकांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून, मग थोडा भार त्यानेही सोसावा. १९२९ मध्ये कायदा झाला, पण सरकारचा वाटा गळाला आणि सगळा बोजा मालकावर गेला. मालकाने तो टाळण्याचा सोपा मार्ग शोधला, तो म्हणजे बायका कमी करणं. अर्थात तेवढंच कारण नव्हतं. रात्रपाळीला बायकांना बंदी होती, यंत्रं बदलत होती. पण १९८२च्या संपापर्यंत गिरण्यांत बायका नावापुरत्याच उरल्या होत्या. गिरणगावातल्या किती तरी जणी तोवर खानावळी चालवून त्याच गिरण्यांतल्या पुरुषांना जेवू घालत होत्या.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ३९व्या कलमात समान कामाला समान वेतन आलं, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्याच्या जोरावर कोर्टात दाद मागता येत नव्हती. १९५७च्या भारतीय श्रम परिषदेने तर किमान वेतन ठरवताना कुटुंबात कमावणारा एकच धरला. कुटुंबाची गरज मापांत मोजली: त्याचं एक माप, बायकोचं ०.८, दोन मुलांचं प्रत्येकी ०.६, बेरीज तीन. बाईची कमाई हिशेबात धरायचीच नाही, असं त्या ठरावात स्पष्ट आहे. हेतू चांगला होता, पगार कुटुंबाला पुरावा एवढाच. पण बाईचा पैसा म्हणजे वरखर्चाचा, हा समज त्याने पक्का झाला.

१९७४च्या अखेरीस महिलांच्या स्थितीविषयीच्या समितीचा अहवाल आला, पुढचं वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, आणि सप्टेंबर १९७५ मध्ये समान वेतनाचा अध्यादेश निघाला. १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याची कसोटी लागली मुंबईतच. मॅकिनन मॅकेंझी या बोटकंपनीत ऑड्री डिकोस्टा या 'लेडी स्टेनोग्राफर' होत्या, आणि तेच काम करणाऱ्या पुरुषांना पगार जास्त होता. कंपनीचं म्हणणं असं की या बायका साहेबांच्या खास स्टेनो, त्यांचं काम वेगळं. शिवाय कंपनीची परिस्थिती बेताची. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही सबबी फेटाळल्या. डिकोस्टांची नोकरी १९७७ मध्येच सुटली होती. फरकाची रक्कम जेमतेम सात हजारांच्या घरातली, आणि ती मिळवायला दहा वर्षं लागली.

त्या कायद्याची भाषा 'तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम' अशी होती. शिवारात ही अट सहज चुकवता येते. निंदणी-खुरपणी बायांची, नांगरणी-फवारणी गड्यांची. काम वेगळं, म्हणून रोज वेगळा. याउलट १९७२च्या दुष्काळी कामांतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीत मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर होती, आणि माती कोणी खोदली हे मापपट्टी विचारत नाही. रोहयोवर बायका एवढ्या लोटल्या, त्याचं एक कारण हे असणार. कामावर पोरांच्या पाळण्याची सोय करायची, हेही रोहयोत होतं. प्रत्यक्षात बहुतेकदा झाडाला बांधलेली झोळी.

ऊसतोडीत तर बाईचा रोज वेगळा काढलाच जात नाही. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल घेतो नवरा, हिशेब टनावर, आणि पोरं फडात नाहीतर साखरशाळेत. निम्मी मजुरी कायद्याने तिची असली तरी ती वेगळी दाखवणारी वहीच नाही.

पाळणाघराच्या कायद्याची चाल निराळी. १९४८च्या कारखाना कायद्याने पन्नासहून जास्त बायका असतील तर पाळणाघर सक्तीचं केलं, १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आणली. मोजायच्या फक्त बायकाच! तिसावर एक बाई वाढली की खर्च, हे समजायला मुकादमाला शिकवणी लागत नाही. ही चूक २०१७च्या प्रसूती लाभ दुरुस्तीत थोडी सुधारली. पन्नास कर्मचारी, मग ते बाई असोत की पुरुष. रजा २६ आठवड्यांची झाली. पण खर्च पुन्हा सगळा मालकाच्याच माथी, आणि खासगी नोकरीतल्या बापाला केंद्रीय कायद्याने एक दिवसही नाही. माझ्या मते या दुरुस्तीतला सगळ्यात कच्चा दुवा हाच. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांनी या तरतुदी एकत्र गोळा केल्या, पण आंबेडकरांनी मागितलेला सरकारी वाटा त्यांतही नाही.

सरकारने आपलं म्हणून काही उभं केलं ते अंगणवाडी, २ ऑक्टोबर १९७५ पासून. पण ती काही तासांची. दिवसभर कामाला जाणाऱ्या बाईला अपुरीच. आणि तिथे मुलं सांभाळणाऱ्या सेविकेला, मदतनिसाला पगार नसतो, 'मानधन' असतं. ग्रॅच्युइटीपुरतं ते मानधन म्हणजे वेतनच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केलं. समान वेतनाचा दावा मात्र ती कोणाशी तुलना करून मांडणार? त्या कामावर पुरुषच नाही.