प्रोटीन जास्त म्हणजे वाढ जास्त? वराहपालकांसाठी खुलासा

‘पोत्यावर प्रोटीनचा आकडा मोठा, की डुकरं झपाट्यानं वाढतात,’ हे मराठवाड्यात वर्षानुवर्षं ऐकतोय. ते खरं नाही. वाढत्या डुकराला प्रोटीनच्या टक्क्यापेक्षा त्यातली अमिनो आम्लं (प्रोटीन ज्यांनी बनतं ते घटक) हवी असतात, आणि मका-ज्वारीच्या खाद्यात त्यांतलं सगळ्यात आधी कमी पडतं ते लायसिन.

हिशोबच बघा. ७० किलो मका, ३० किलो शेंगदाणा पेंड: प्रोटीन साधारण १९ टक्के, लायसिन जेमतेम ०.६. आता ७२ किलो मका, २६ किलो सोयापेंड, बाकी मिनरल मिक्स्चर आणि मीठ: प्रोटीन १८ च्या आत, पण लायसिन ०.९ च्या आसपास. त्यात २०० ग्रॅम लायसिन पावडर मिसळली की एकच्या वर जातं. पंचवीस-तीस किलोच्या पिलाला साधारण एवढं लागतंच.

मग जास्तीचं प्रोटीन जातं कुठं? शरीर ते साठवत नाही. त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतो. या युरियाचाच पुढं अमोनिया वायू होतो. सकाळी शेडमध्ये शिरताच ज्यानं डोळे चुरचुरतात, त्या अमोनियात तुमच्या महागड्या पेंडीचेही पैसे असतात.

आणि हो, लातूरकडं सोयाबीन घरचंच असतं, म्हणून कच्चं घालू नका. त्यातले घटक प्रोटीन पचूच देत नाहीत. भाजून किंवा पेंडच द्या.