रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे औषधाच्या दुकानात हे वाक्य हमखास कानावर येतं: "कोलेस्टेरॉल उतरलं की हो, आता गोळी कशाला?" शंका रास्त आहे. पण या गोळीचं, म्हणजे स्टॅटिनचं, काम रिपोर्टातल्या आकड्यापुरतंच असतं, हा समज खरा नाही आणि तो जिवावर बेतू शकतो.

हृदयाच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत साचणाऱ्या थरात, म्हणजे प्लाकमध्ये, नुसती चरबी नसते. एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, कण भिंतीत अडकतात, ते गिळायला पांढऱ्या पेशी धावतात, गिळून गिळून फुगतात, मरतात आणि दाह, म्हणजे आतली सूज, वाढवत राहतात. या सगळ्यावर कोलॅजन या चिवट प्रथिनाचं आवरण असतं. दाह भडकला की या पेशींतून सुटणारी विकरं ते आवरण कुरतडतात. पिकलेल्या गळवाच्या त्वचेसारखं ते पातळ होत जातं आणि एके दिवशी फुटतं. आतला ऐवज रक्ताला लागताच गुठळी होते. म्हणूनच जेमतेम अर्धी तुंबलेली वाहिनीही अचानक बंद पडते. साधी अँजिओग्राफी वाहिनी किती अरुंद झाली ते दाखवते, आवरण किती पातळ झालं ते नाही.

जपानच्या अकिरा एन्डो यांनी 1970च्या दशकात बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. ही औषधं यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतात. एलडीएल घटलं की दाहाला खतपाणी मिळत नाही, आतली चरबी कमी होते, आवरण जाड होतं. प्लाकमध्ये कॅल्शियम मात्र वाढू शकतं. ते पाहून पुष्कळ जण घाबरतात, पण तो प्लाक घट्ट होत असल्याचाही भाग असू शकतो.

2008च्या 'ज्युपिटर' चाचणीत 17,802 जण होते. त्यांचं एलडीएल फारसं जास्त नव्हतं, पण दाह दाखवणारं सीआरपी वाढलेलं होतं. रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात अशा घटना 44 टक्क्यांनी कमी झाल्या. त्यांचं एलडीएलही निम्म्यावर आलं होतं, तेव्हा श्रेय कशाला किती, हा वाद उरलाच. 2017च्या 'कँटोस' चाचणीत मात्र फक्त दाह शमवणारं औषध दिलं. एलडीएल जागचं हललं नाही, तरी मधल्या मात्रेत धोका 15 टक्क्यांनी घटला. जीवघेणे जंतुसंसर्ग वाढल्यामुळे ते औषध हृदयरोगासाठी रुळलं नाही, पण दाहाचा वाटा पक्का झाला.

निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात हे मुद्दाम सांगायला हवं, कारण बिडीचा धूरही हाच दाह पेटता ठेवतो.

गोळी सोडली की एलडीएल काही आठवड्यांत पुन्हा चढतं. गोळीमुळे अंग दुखतंय असं वाटत असेल तर ती परस्पर न सोडता डॉक्टरांना सांगावं. मात्रा किंवा गोळी बदलता येते.