अंधाऱ्या समुद्रावर विमान कलतं तेव्हा

1 जानेवारी 1978. रात्री सव्वाआठच्या सुमारास एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे बोइंग 747 दुबईला जायला मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून पश्चिमेकडे उडालं आणि 101 सेकंदांत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून साधारण तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. 190 प्रवासी आणि 23 कर्मचारी, असे सर्व 213 जण दगावले. घातपाताचा संशय लगेच व्यक्त झाला, पण उथळ पाण्यातून निघालेल्या अवशेषांवर स्फोटाची खूण नव्हती. चौकशीअंती बिघाड निघाला तो कॅप्टनसमोरच्या एका उपकरणात.

हे उपकरण म्हणजे कृत्रिम क्षितिज. वरचा अर्धा भाग आकाशाचा, खालचा जमिनीचा आणि मधोमध विमानाचं चिन्ह. विमान डावीकडे कललं की क्षितिजाची रेघ उजवीकडे झुकलेली दिसते. आत कुठेतरी जायरोस्कोपचा, म्हणजे आपली दिशा न सोडणाऱ्या फिरत्या चाकाचा आधार असतो. त्याचा किंवा त्याला जोडलेल्या यंत्रणेचा ताळा सुटला, की रेघ एका कलत्या स्थितीत अडकून बसते. वैमानिक याला 'टॉपल झालं' म्हणतात. काचेवर बिघाडाचं लाल निशाण येतं किंवा येत नाहीही. उपकरण पूर्ण बंद पडण्यापेक्षा खोटं पण पटेल असं दाखवणं जास्त घातक, ते याचमुळे.

त्या रात्री किनारा ओलांडल्यावर विमानाने उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि परत सरळ झालं. कॅप्टनचं क्षितिज मात्र उजवा कल दाखवतच राहिलं. तो कल मोडण्यासाठी त्याने विमान डावीकडे वळवलं. रेघ हलेना, म्हणून आणखी डावीकडे. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टन आपल्या उपकरणाबद्दल बोलतो, सहवैमानिक आपलंही टॉपल झाल्याचं सांगतो. खरं तर सहवैमानिकाचं क्षितिज बहुधा बरोबरच होतं. विमानच इतकं कललं होतं, की ते चित्र बिघडल्यासारखं वाटावं. फ्लाइट इंजिनिअरने तिसऱ्या, राखीव क्षितिजाकडे लक्ष वेधायचा प्रयत्न केला, पण तोवर उंची संपत आली होती.

तीन उपकरणांपैकी दोन जुळतात ती खरी मानायची, हा साधा नियम इथे का चालला नाही? कारण खिडकीबाहेर काहीच नव्हतं. चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवणार होता. जुहू-वांद्र्याचे दिवे पाठीमागे पडले, की पुढे आकाश आणि पाणी एकच काळोख. दूरवरच्या मच्छीमार होड्यांचे दिवे दिसले तरी उपयोग नाही. उलट, असे दिवे तारे समजून वैमानिक फसल्याचे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत. किनाऱ्यावरच्या विमानतळांचा हा खास धोका: धावपट्टीवर लख्ख प्रकाश, आणि अर्ध्या मिनिटात समोर शून्य.

डोळ्यांचा आधार सुटला की तोल कान सांभाळतो, आणि तिथेच खरी गडबड आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. तांब्या गर्रकन फिरवला की आतलं पाणी आधी मागे राहतं, पण फिरवत राहिलं की काही वेळात तेही तांब्याबरोबर फिरू लागतं. नलिकेतही तसंच होतं: फिरणं सुरू झालं की जाणीव होते, ते एकसारखं चालू राहिलं तर पंधरा-वीस सेकंदांत जाणीव विरून जाते. सेकंदाला साधारण दोन अंशांहून सावकाश कललेलं तर मुळात कळतच नाही. दीड अंशाच्या वेगाने वीस सेकंद कललं, की 30 अंश कल झाला आणि आसनावर बसलेल्याला सगळं सरळ! त्यात नीट घेतलेल्या वळणात शरीर आसनात सरळ खालीच दाबलं जातं, बाजूला झुकल्यासारखं वाटत नाही. चहाचा कपही सांडत नाही.

आता गणित पाहा. पंखांची उचल पंखांना काटकोनात लागते. 30 अंश कलात तिचा 87 टक्के भाग वजन पेलतो, 60 अंशांत निम्मा, 90 अंशांत काहीच नाही. 'सम्राट अशोक' शेवटी 90 अंशांच्याही पलीकडे डावीकडे कललं होतं, म्हणजे उचलीचा काही भाग विमानाला खाली ढकलत होता. अशा वेळी नाक वर घ्यायला कंट्रोल ओढला की घसरण वाढते. आधी पंख सरळ करायचे, मग नाक; हा क्रम उलटला की काही शे मीटर उंची पुरत नाही.

अशीच दुसरी फसवणूक वेगाची. आतल्या कानातल्या सूक्ष्म खड्यांना गुरुत्वाकर्षण आणि विमानाचा जोर वेगळे ओळखता येत नाहीत. पुढे 0.2 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या एक-पंचमांश इतकं त्वरण लागलं तर मेंदूला नाक जवळपास 11 अंश वर गेल्यासारखं वाटतं आणि हात नकळत कंट्रोल पुढे ढकलतो. 23 ऑगस्ट 2000 रोजी बहरीनला गल्फ एअरचं एअरबस ए320 उतरणं रद्द करून पुन्हा वर चढत होतं, समोर काळं समुद्रपाणी. कॅप्टनने नाक खाली दाबलं आणि सुमारे 11 सेकंद दाबून ठेवलं. 143 जण गेले. 3 जानेवारी 2004 ला इजिप्तमधल्या शर्म अल-शेखहून उडालेलं फ्लॅश एअरलाइन्सचं बोइंग 737 तांबड्या समुद्रावर हळूहळू उजवीकडे कलत गेलं, 148 मृत्यू. अमेरिकी व फ्रेंच तपासनिसांनी दिशाभ्रमावर बोट ठेवलं, इजिप्तच्या अधिकाऱ्यांनी ते मानलं नाही. ते अमान्य करण्यामागे काय असेल हा वेगळा विषय, पण विमानाचा मार्ग मात्र नमुनेदार होता.

मुंबईच्या अपघाताबद्दलच्या खटल्यात 1985 मध्ये अमेरिकी न्यायालयाने बोइंग आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांवरचा निष्काळजीपणाचा दावा फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने ते पुरेसं असेल. अभियंत्यांसाठी प्रश्न असा, की वैमानिकाला खोटं क्षितिज ओळखायला किती सेकंद मिळतात. त्यामुळे आता पडद्यावर क्षितिज मोठं दिसतं, दोन्ही बाजूंच्या उपकरणांत फरक पडला की इशारा येतो, आणि जादा कल झाला की 'बँक अँगल' असा आवाज येतो. सिम्युलेटरमध्ये शिकवला जाणारा क्रम असा: स्वयंचालक बंद, कंट्रोल थोडा पुढे सोडून पंखांवरचा ताण कमी, जवळच्या बाजूने पंख सरळ, नाक खाली असेल तर इंजिनांचा जोर कमी, आणि सगळ्यात शेवटी नाक वर. क्षितिजांबद्दल शंका असेल तर मोठ्याने सांगायचं, राखीव क्षितिजाशी ताडायचं, आणि ज्याचं उपकरण खरं ठरलं त्याच्याकडे विमानाचा ताबा द्यायचा.