गोळीची ‘सवय’ शरीराला होत नाही

‘कॅन्सरची गोळी फार दिवस घेतली की शरीराला सवय होते, मग ती लागू पडत नाही’ असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. या भीतीपोटी काहीजण मधेच डोस चुकवतात, याचं फार वाईट वाटतं. बदलतं ते शरीर नव्हे, कॅन्सरच्या पेशी. २००१ मध्ये अमेरिकेत संशोधक चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने इमॅटिनिब या कॅन्सरच्या गोळीला दाद न देणारे ब्लड कॅन्सरचे रुग्ण तपासले. अनेकांच्या पेशींतल्या एका प्रथिनात ३१५व्या जागी थ्रिओनिन या घटकाऐवजी (अमिनो आम्लाऐवजी) आयसोल्युसिन हा दुसरा घटक बसला होता. एवढ्याशा फरकाने औषधाला तिथे नीट चिकटताच येईना! काही रुग्णांत तर असे बदल उपचाराआधीपासूनच होते. बाकीच्या पेशी मेल्या, या उरल्या आणि वाढल्या. नेमक्या याच बदलावर चालणारं पोनॅटिनिब हे औषध २०१२ मध्ये आलं.